आसियानचा अकरावा सभासद: तिमोर-लेस्तेला चौदा वर्षं का थांबावं लागलं?

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी क्वालालंपूरच्या शिखर परिषदेत आसियानच्या, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेच्या, दहा झेंड्यांशेजारी अकरावा झेंडा लागला. तो होता तिमोर-लेस्तेचा, म्हणजे आपल्याकडे जुन्या बातम्यांमध्ये ‘पूर्व तिमोर’ म्हणून येणाऱ्या देशाचा. त्या दिवशी ट्रम्प यांच्या दौऱ्याने आणि थायलंड-कंबोडिया समझोत्याने मथळे व्यापले, त्यामुळे ही बातमी आतल्या पानावर गेली. पण आसियानने नवा देश घेतला तो तब्बल २६ वर्षांनी. आधीचा कंबोडिया, १९९९ सालचा.

क्षेत्रफळ पुणे जिल्ह्याहून किंचित कमी आणि लोकसंख्या गोव्याहून थोडी कमी (२०२२ च्या जनगणनेत सुमारे १३.४ लाख) असलेल्या देशाला आत घ्यायला एवढा वेळ का लागावा? अर्ज मार्च २०११ मध्ये दिला होता. कुणी उघडपणे ‘नको’ म्हणत नव्हतं, तरी काम पुढे सरकत नव्हतं. का सरकत नव्हतं ते कळलं, की सार्क असो, युरोपीय संघ असो किंवा आसियान, अशा कुठल्याही गटात नवा सभासद आला की नेमकं काय बदलतं हे कळायला सोपं जातं.

आसियान म्हणजे कोण?

८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉकमध्ये इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड या पाच देशांनी ही संघटना काढली. १९८४ मध्ये ब्रुनेई आला, १९९५ मध्ये व्हिएतनाम, १९९७ मध्ये लाओस आणि म्यानमार, १९९९ मध्ये कंबोडिया. सचिवालय जकार्तामध्ये आहे. कामाचे तीन विभाग आहेत: राजकीय-सुरक्षा, आर्थिक आणि सामाजिक-सांस्कृतिक. २००८ पासून संघटनेला लेखी सनद आहे. त्याआधी बराचसा कारभार संकेतांवर आणि ओळखीपाळखीवर चालायचा.

आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीचं उदाहरण इथे बऱ्यापैकी लागू पडतं. सोसायटीत फ्लॅट लहान असो की मोठा, सेवा शुल्क सगळ्यांना सारखंच. वन बीएचकेवाला कुरकुरतो, पण उपविधी तसे आहेत. आसियानमध्येही सचिवालयाच्या खर्चाची वर्गणी सगळ्यांना समान आहे. सिंगापूर जेवढी भरतं तेवढीच लाओसने भरायची, आणि आता तिमोर-लेस्तेनेही. आसियानची एकत्रित अर्थव्यवस्था सुमारे ३.८ लाख कोटी डॉलरची आहे आणि तिमोर-लेस्तेची दोनशे कोटी डॉलरच्या आसपास. म्हणजे एकोणीसशे रुपयांच्या थैलीत एक रुपया. वर्गणी मात्र अकरातला एक वाटा.

सोसायटीचं उदाहरण एका ठिकाणी मोडतं. सोसायटीत सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव होतो. आसियानमध्ये मतदान नाही, तिथे सर्वसहमती लागते. तिचा अर्थ ‘सगळ्यांनी हात वर केले’ असा नाही. ‘कुणी ठामपणे नाही म्हटलं नाही’ असा तिचा अर्थ आहे. हा फरक बारीक वाटला तरी व्यवहारात फार मोठा आहे. ज्याला विरोध करायचा आहे त्याला ‘नाही’ म्हणावंच लागत नाही. ‘अजून थोडा अभ्यास करू’ एवढं म्हटलं तरी विषय पुढच्या वर्षावर जातो.

प्रवेशाच्या अटी चार, पण खरी अट एकच

सनदेच्या सहाव्या कलमात चार अटी आहेत. देश आग्नेय आशियाच्या भूगोलात असावा. सर्व सभासदांनी त्याला मान्यता दिलेली असावी. सनद पाळायला तो तयार असावा. आणि सभासदत्वाची कर्तव्यं पार पाडण्याची त्याची क्षमता व तयारी असावी.

पहिल्या अटीवर पापुआ न्यू गिनी अडकला आहे. तो १९७६ पासून निरीक्षक आहे, पण पॅसिफिक बेटांचा देश समजला जातो. तिमोर बेटाचा पश्चिम भाग इंडोनेशियात असल्याने तिमोर-लेस्तेला भूगोलाची अडचण नव्हती. दुसऱ्या आणि तिसऱ्या अटीतही काही अवघड नव्हतं. सगळं घोडं अडलं ते चौथीतल्या ‘क्षमता’ या शब्दावर. क्षमता मोजायची कशी, हे सनद सांगत नाही. त्यामुळे प्रत्येक सभासद आपली फूटपट्टी लावतो. सिंगापूरची फूटपट्टी सर्वांत कडक होती: एवढ्या लहान प्रशासनाला आर्थिक करारांचं ओझं पेलेल का?

मग व्हिएतनाम तीन वर्षांत कसा आला?

व्हिएतनाम १९९२ मध्ये निरीक्षक झाला आणि १९९५ मध्ये सभासद. म्यानमार १९९६ मध्ये निरीक्षक झाला आणि पुढच्याच वर्षी सभासद. तेव्हा आसियानला घाई होती. शीतयुद्ध संपलेलं, चीन वाढू लागलेला, आणि १९९७ च्या तिसाव्या वर्धापनदिनापर्यंत दहाही देश एका छताखाली आणायची हौस. (कंबोडियाचा मुहूर्त तेवढा हुकला. जुलै १९९७ मध्ये हुन सेन यांनी बळाने सत्ता हातात घेतली आणि प्रवेश दोन वर्षं लांबला.)

या घाईची किंमत नंतर दिसली. म्यानमारच्या लष्करी राजवटीमुळे आसियान-युरोप बैठका अडल्या, म्यानमारला २००६ ची अध्यक्षपदाची पाळी सोडावी लागली, आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर त्याच्या लष्करप्रमुखाला शिखर परिषदेला बोलवायचं की नाही हा दरवर्षीचा पेच होऊन बसला. सनदेत हकालपट्टीचं कलमच नाही. २०१२ मध्ये कंबोडिया अध्यक्ष असताना दक्षिण चीन समुद्राच्या वादावरून परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीत संयुक्त निवेदन निघू शकलं नाही. ४५ वर्षांत पहिल्यांदाच असं झालं.

म्हणजे तिमोर-लेस्तेला कडक परीक्षा द्यावी लागली ती आधीच्या विद्यार्थ्यांमुळे. व्हिएतनामची कहाणी मात्र उलट आहे. प्रवेशाच्या वेळी गरीब आणि बंदिस्त असलेला तो देश आज या गटातली मोठी निर्यातदार अर्थव्यवस्था आहे. त्यामुळे ‘सगळे नवे सभासद ओझं ठरले’ हे म्हणणं खरं नाही.

युरोपीय संघाची रीत याच्या अगदी उलटी आहे. तिथे उमेदवार देशाने आपले कायदे संघाच्या कायद्यांशी प्रकरणवार जुळवून घ्यायचे. अशी ३५ प्रकरणं आहेत. ती पूर्ण झाली की प्रवेश, आणि तरीही प्रत्येक सभासदाच्या हाती नकाराधिकार असतोच. नॉर्थ मॅसेडोनिया २००५ पासून उमेदवार आहे. आधी ग्रीसने नावावरून अडवलं, मग बल्गेरियाने इतिहासावरून. आसियानने नव्वदच्या दशकात ‘आधी प्रवेश, मग अभ्यास’ असं धोरण ठेवलं होतं. तिमोर-लेस्तेच्या वेळी ते बदलून मधलाच रस्ता काढला.

चौदा वर्षांत नेमकं काय झालं?

आधीचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. पोर्तुगालने माघार घेतल्यावर २८ नोव्हेंबर १९७५ रोजी तिमोरने स्वातंत्र्य जाहीर केलं. ७ डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य घुसलं. पुढची २४ वर्षं हा प्रदेश इंडोनेशियाच्या ताब्यात होता आणि आसियानमधले शेजारी त्यावर गप्प राहिले, कारण एकमेकांच्या घरात नाक खुपसायचं नाही हे संघटनेचं मूळ तत्त्व. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. २० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला. २०११ मध्ये अर्ज स्वीकारला तो त्या वर्षीच्या अध्यक्षाने, म्हणजे इंडोनेशियानेच. पुढे तोच तिमोरचा सर्वांत भक्कम पाठीराखा ठरला. कटुता धरून बसणं तिमोरच्या नेत्यांना परवडणारं नव्हतं. जमिनीवरची एकमेव सीमा इंडोनेशियाशी, आणि ओएकुसी हा त्यांचा एक तुकडा तर इंडोनेशियाच्या भूमीने तीन बाजूंनी वेढलेला.

अर्जानंतर आधी कागदी अभ्यास झाले. मग तीन विभागांची पाहणी पथकं तिमोरची राजधानी दिली इथे गेली: राजकीय-सुरक्षेचं २०१९ मध्ये, उरलेली दोन २०२२ मध्ये. मधली वर्षं कोविडने खाल्ली. नोव्हेंबर २०२२ मध्ये नॉम पेन्हला ‘तत्त्वतः मान्य’ असा निर्णय झाला आणि निरीक्षकाची खुर्ची मिळाली. मे २०२३ मध्ये इंडोनेशियातल्या लाबुआन बाजोला एक कार्ययादी मंजूर झाली. कोणते करार कधी स्वीकारायचे, कोणत्या मंत्रालयात काय उभं करायचं, किती माणसं तयार करायची, हे त्यात लिहिलं होतं. माझ्या मते खरा वेग इथूनच आला. ‘क्षमता’ या धूसर शब्दाच्या जागी तपासता येईल अशी यादी आली, आणि ‘अजून अभ्यास करू’ म्हणणाऱ्याला नेमकं काय राहिलं ते सांगणं भाग पडलं.

याच काळात ३० ऑगस्ट २०२४ रोजी तिमोर-लेस्ते जागतिक व्यापार संघटनेचा १६६वा सभासद झाला. ती परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ‘व्यापाराचे नियम यांना झेपणार नाहीत’ हा मुद्दा बराच बोथट झाला.

अडचण: माणसं आणि भाषा

आसियानच्या वर्षाला हजाराच्या वर बैठका होतात. कामाचे दिवस अडीचशे धरले तर दिवसाला चार. प्रत्येकीला किमान दोन अधिकारी जाणार. जाण्याआधी मसुदा वाचणार, आपल्या देशाची भूमिका ठरवून मंत्र्याची मंजुरी घेणार, परत येऊन अहवाल देणार. इंडोनेशियासारख्या देशात एकेका विषयाला वेगळा कक्ष असतो. दिलीत एकच अधिकारी सोमवारी मत्स्यव्यवसायाच्या, बुधवारी सीमाशुल्काच्या आणि शुक्रवारी आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीला, असा प्रकार होऊ शकतो. त्यातून चूक होते ती अशी, की न वाचलेल्या मसुद्याला होकार जातो किंवा खुर्ची रिकामी राहते.

भाषेचा घोळ वेगळाच. आसियानची कामकाजाची भाषा इंग्रजी. तिमोरच्या अधिकृत भाषा तेतुम आणि पोर्तुगीज. इंग्रजी आणि इंडोनेशियन यांना राज्यघटनेने कामकाजाच्या भाषांचा दर्जा दिला आहे, पण कायदे पोर्तुगीजमध्ये लिहिले जातात. म्हणजे एखादा आसियान करार लागू करायचा तर इंग्रजी मजकूर समजून घ्या, पोर्तुगीजमध्ये कायदा लिहा, खेड्यातल्या माणसाला तेतुममध्ये सांगा. चाळिशीच्या पुढची पिढी इंडोनेशियन शाळांत शिकलेली, नवी पिढी पोर्तुगीज-तेतुममध्ये. कायद्याचं पोर्तुगीज नीट वाचणारे आणि वाटाघाटीचं इंग्रजी नीट बोलणारे, असे दोन्ही जमणारे लोक सगळ्या मंत्रालयांना पुरणार कुठून? माझ्या लेखी पैशांपेक्षा हीच टंचाई जास्त जाचक आहे, कारण पैसा उसना मिळतो.

व्यापाराचा फायदा आपोआप मिळतो का?

नाही. आणि बहुतेक बातम्या इथेच गल्लत करतात.

आसियान हे मुक्त व्यापार क्षेत्र आहे: सभासद एकमेकांच्या मालावर आयात शुल्क लावत नाहीत किंवा अगदी नाममात्र लावतात. पण ही सवलत देशाला मिळत नाही, मालाला मिळते. माल खरंच सभासद देशात तयार झाला हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठीच्या नियमांना मूळ देशाचे नियम म्हणतात. ते नसते तर कुणीही बाहेरचा माल दिलीच्या बंदरात उतरवून, खोक्यावर नवं लेबल चिकटवून जकार्ताला विनाशुल्क पाठवला असता.

आसियानच्या वस्तू व्यापार कराराचा सर्वसाधारण नियम असा: वस्तूच्या निर्यात किमतीतला किमान ४० टक्के भाग आसियानमधला हवा, किंवा बाहेरून आणलेल्या कच्च्या मालावर अशी प्रक्रिया व्हायला हवी की सीमाशुल्काच्या यादीत त्याचा गट बदलेल. समजा दिलीत जुळवलेल्या एका वस्तूची निर्यात किंमत १० डॉलर आहे. तिच्यात चीनमधून आणलेले सुटे भाग ६ डॉलरचे असतील, तर आसियानचा वाटा बरोबर ४० टक्के. माल पास. भाग महागले आणि ६.५० डॉलरचे झाले, तर वाटा ३५ टक्के. गट बदलण्याची दुसरी अटही पुरी होत नसेल तर माल नापास, आणि पूर्ण शुल्क भरा. म्हणजे पन्नास सेंटच्या फरकावर सगळी सवलत जाऊ शकते.

खरी संधी यातच एका कोपऱ्यात आहे. आसियानच्या दुसऱ्या देशात तयार ठरलेला कच्चा माल आपलाच समजला जातो. दिलीतल्या शिलाई कारखान्याने व्हिएतनामी कापड वापरलं, तर ते कापड हिशेबात ‘घरचं’. १३ लाख लोकांच्या देशात सूतगिरणीपासून गुंड्यांपर्यंत सगळं उभं राहणं अशक्य. पण ६८ कोटी लोकांच्या गटातलं सामान घरचं धरलं गेलं, तर एकाच टप्प्याचं काम करूनही तो देश साखळीत बसू शकतो.

यासाठी कागद लागतात. मूळ देशाचा दाखला, ज्याला व्यापारी ‘फॉर्म डी’ म्हणतात, तो अधिकृत कार्यालयाने द्यायचा. तो आता बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जातो आणि दोन्ही देशांच्या सीमाशुल्क यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या लागतात. खाण्याच्या वस्तूंना कीड-रोग नसल्याचं प्रमाणपत्र हवं, त्यासाठी प्रयोगशाळा हवी, आणि तिचा अहवाल समोरच्या देशाने ग्राह्य धरायला हवा. तिमोरची तेलाबाहेरची मुख्य निर्यात कॉफी. तिचं चांगलं नाव आहे आणि तिला आसियानबाहेरही गिऱ्हाईक आहे. शुल्क शून्य झाल्याने तिचा खप एकदम वाढेल असं समजू नये. अडचण शुल्काची नाहीच. झुडपं म्हातारी झाली आहेत, डोंगरातले रस्ते खराब आहेत आणि एकेका शेतकऱ्याचा माल थोडा आहे.

आधीच्या नव्या सभासदांना शुल्क उतरवायला जास्त मुदत दिली होती: व्हिएतनामला २००६ पर्यंत, लाओस-म्यानमारला २००८, कंबोडियाला २०१०. जुने सहा देश त्याआधीच पुढे गेले होते. तिमोरचं आयात शुल्क मुळातच कमी असल्याने या बाजूने त्याला फारसा धक्का नाही. उलट धोका असा की दुकानं इंडोनेशियन मालाने आजच भरलेली आहेत, ती आणखी भरतील. त्यात देशाचं चलन अमेरिकी डॉलर. इंडोनेशियाचा रुपिया घसरला की इंडोनेशियन बिस्किट दिलीत स्वस्त होतं आणि दिलीतला बेकरीवाला मात्र खर्च डॉलरमध्येच करत राहतो. चलनाचा भाव खाली आणून स्वतःला सावरायची सोय त्या देशाकडे नाही.

तेलाचा पैसा आहे ना?

आहे, पण मोजका. २००५ मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम निधीत सुमारे १८ अब्ज डॉलर आहेत. नियम असा की एकूण पेट्रोलियम संपत्तीच्या ३ टक्के एवढीच रक्कम दरवर्षी काढावी, म्हणजे मुद्दल टिकेल. सरकारं वर्षानुवर्षं त्याहून जास्त काढत आली आहेत. आपल्या भाषेत, व्याजावर घर चालवायचं ठरलेलं आणि मुदत ठेव मोडून खाणं चालू. नवी भर पडणंही थांबलं आहे, कारण बायु-उंदान हे मुख्य क्षेत्र २०२५ मध्ये बंद झालं. याच गतीने पुढच्या दशकात निधी आटेल असे इशारे आंतरराष्ट्रीय संस्था देत आहेत.

पुढची आशा ग्रेटर सनराइज या वायुक्षेत्रावर. ते १९७४ मध्ये सापडलं, पण आजवर त्यातून विक्रीसाठी वायू निघालेला नाही. ऑस्ट्रेलियाशी २०१८ मध्ये सागरी सीमेचा करार झाला. त्यात गंमत अशी की पाइपलाइन तिमोरला आणली तर उत्पन्नाचा ७० टक्के वाटा तिमोरला, ऑस्ट्रेलियाला नेली तर तिमोरलाच ८० टक्के. जास्त पैसे सोडून पाइप आपल्याच किनाऱ्यावर हवा असा दिलीचा हट्ट आहे, कारण त्याबरोबर कारखाने आणि नोकऱ्या येतील. आसियानचं सभासदत्व हा वाद सोडवत नाही. पण गुंतवणूकदाराला ‘हा देश नियमांच्या एका चौकटीत आहे’ एवढा भरवसा देतं, आणि तेल सोडून दुसरं काही उभारायला थोडी मुदत मिळवून देतं.

‘एवढासा देश घेऊन आसियानला काय मिळालं?’

ब्रुनेईची लोकसंख्या पाच लाखांहूनही कमी आहे, तेव्हा आकार हा मुद्दा नाही. कारण राजकीय आहे. दिलीतला राष्ट्रपती प्रासाद आणि परराष्ट्र मंत्रालयाची इमारत चीनने बांधून दिली, आणि २०२३ मध्ये दोन्ही देशांनी आपल्या संबंधांना व्यापक सामरिक भागीदारीचा दर्जा दिला. ऑस्ट्रेलियाला याची काळजी. इंडोनेशियाच्या कुशीतला देश गटाबाहेर ठेवला, तर तो कुणाच्या मांडीवर जाऊन बसेल हा प्रश्न आसियानला सतावणारच. मांडवाखाली घेतला म्हणजे चीनशी संबंध तुटतात असं नाही. म्यानमार-कंबोडियाच्या बाबतीतही तसं झालेलं नाही. पण निदान चर्चा आपल्या टेबलावर होते.

‘लोकांचे लोंढे येतील का?’

नाही. युरोपसारखी ‘कुठेही जा, कुठेही नोकरी करा’ अशी मोकळीक आसियानमध्ये नाही. अभियंता, परिचारिका, वास्तुरचनाकार, डॉक्टर, दंतवैद्य, लेखापाल, भूमापक आणि पर्यटनातले कर्मचारी, एवढ्या आठ व्यवसायांत एकमेकांच्या पात्रता मान्य करायचे करार आहेत, आणि तेही प्रत्यक्षात स्थानिक परवाना मंडळापाशी अडखळतात. तिमोरचे तरुण कामाला बाहेर जातात ते ऑस्ट्रेलियाला, दक्षिण कोरियाला, आणि पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला. हा शेवटचा मार्ग गोव्याच्या वाचकांना ओळखीचा वाटेल, कारण जुन्या पोर्तुगीज नागरिकत्वाचा तोच धागा दोन्हीकडे आहे. १८४४ पर्यंत तर तिमोरचा कारभार गोव्यातल्या पोर्तुगीज सत्तेच्या अखत्यारीत होता.

‘दहांचं एकमत होत नाही, अकरांचं काय होणार?’

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. सर्वसहमतीच्या गटात प्रत्येक नवा सभासद म्हणजे एक नवा ब्रेक. सार्कने २००७ मध्ये अफगाणिस्तानला आठवा सभासद करून घेतलं. २०१४ च्या काठमांडूनंतर सार्कची शिखर परिषदच झालेली नाही. दोष अफगाणिस्तानचा नव्हे, भारत-पाकिस्तान संबंधांचा. पण एका जोडीचं भांडण सर्वसहमतीच्या गटाला कसं गोठवतं, ते यात दिसतं. आसियानलाही ही चव मिळाली आहे. क्वालालंपूरला तिमोरचा प्रवेश झाला त्याच दिवशी थायलंड आणि कंबोडियाने शांतता समझोत्यावर सह्या केल्या, आणि डिसेंबरात सीमेवर पुन्हा तोफा धडाडल्या.

तिमोर-लेस्तेच्या बाबतीत ठिणगी म्यानमारवरून पडू शकते. स्वतः ताब्यात राहिलेला हा देश लोकशाही आणि मानवी हक्कांवर मोकळेपणाने बोलतो. २०२३ मध्ये पंतप्रधान शनाना गुश्मांव यांच्या सरकारने म्यानमारच्या लष्करविरोधी सरकारच्या प्रतिनिधींना जवळ केलं, तेव्हा म्यानमारने आपल्याकडच्या तिमोरच्या दूतावासाच्या प्रमुखाला देशाबाहेर काढलं. आत आल्यावर ‘एकमेकांच्या घरात डोकावायचं नाही’ हा नियम तिमोरलाही लागू. तिमोरचे राष्ट्रपती जुझे रामोस-होर्ता शांततेच्या नोबेलचे मानकरी आहेत. ते गप्प बसतील असं त्यांच्या स्वभावावरून वाटत नाही. मला तर हा तोटा वाटत नाही, पण म्यानमारच्या सेनाधिकाऱ्यांना वाटेल.

आर्थिक बाबतीत एक पळवाट आहे. ज्यांची तयारी नाही त्यांना वगळून बाकीच्यांनी पुढे जायचं, अशी सोय सनदेत आहे. ‘आसियान वजा काही’ असं तिचं नावच आहे. अट एवढीच, की असं पुढे जायलाही सर्वांची संमती लागते.

भारताला काय फरक पडतो?

लगेच फारसा नाही. भारत-आसियान वस्तू व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे, पण तो दहा देशांशी झालेला. अकरावा आपोआप त्यात येत नाही, त्याला वेगळं सामील व्हावं लागेल. मुंबईतल्या निर्यातदाराने दिलीला माल पाठवताना आसियानची सवलत गृहीत धरू नये. बाजारही लहान आहे. राजनैतिक पातळीवर मात्र हालचाल आहे: दिलीत दूतावास उघडण्याची घोषणा सप्टेंबर २०२३ मध्ये झाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तिथे जाऊन आल्या.

पाळी येईल तेव्हा

आसियानचं अध्यक्षपद देशांच्या इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने दरवर्षी फिरतं. २०२६ मध्ये फिलिपिन्स (म्यानमारची पाळी पुन्हा ओलांडून), मग सिंगापूर, मग थायलंड. त्यानंतरचं नाव तिमोर-लेस्ते, म्हणजे सरळ हिशेबाने २०२९. व्हिएतनाम आणि कंबोडियाने प्रवेशानंतर तीन वर्षांत शिखर परिषद भरवली, लाओसने सात वर्षांनी, म्यानमारने सतरा.

अध्यक्षपद म्हणजे वर्षभरातल्या शेकडो बैठकांचं यजमानपद. शिवाय पूर्व आशिया परिषद, जिच्यात आसियानचे अकरा आणि भारत, चीन, अमेरिका, रशिया, जपान धरून आणखी आठ, असे १९ देशांचे प्रमुख एका शहरात दोन-तीन दिवस. खोल्या, सभागृह, दुभाषे, ताफ्यांसाठी रस्ते, रुग्णालय, आणि न जाणारी वीज. टिबार बे इथलं नवं मालवाहू बंदर २०२२ पासून चालू आहे, त्यामुळे सामान उतरवण्याची सोय झाली. दिलीच्या विमानतळाची धावपट्टी मात्र सुमारे १,८५० मीटर आहे, मोठी लांब पल्ल्याची विमानं तिथे उतरत नाहीत. ती वाढवण्याचं काम वेळेत झालं नाही, तर अडीच किलोमीटरची धावपट्टी असलेलं बाऊकाऊ हा पर्याय आहे, आणि तिथून दिलीपर्यंत डोंगर-समुद्राच्या कडेने सव्वाशे किलोमीटरचा रस्ता.